तीन कार्डं, एक पाद्री

चरित्रकोशाच्या जुन्या कार्डपेट्या संगणकात चढवताना मी एक नियम पाळतो. आधी एकाच माणसाची दोन कार्डं शोधायची, टंकन नंतर. उलट केलं की एकाची दोन माणसं होतात आणि पुढे कुणीही ती एक करायला बसत नाही. परवा ‘ए’, ‘ब’ आणि ‘स’ अशा तीन पेट्यांतून तीन कार्डं निघाली: ‘एस्तेव्हांव, थॉमस’, ‘बुस्टन, थॉमस’ आणि ‘स्टीफन्स, थॉमस’. तिघेही जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघाचे पाद्री, आणि तिघेही गोव्यात. जन्म-मृत्यूची सालं मात्र तीन तऱ्हांची. आणि हे कोण, तर क्रिस्तपुराणवाले आपले फादर स्टीफन्स! शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना ठाऊक असलेल्या माणसाची ही अवस्था, तर बाकीच्यांचं काय झालं असेल, या विचाराने त्या दिवशी दुसरं काही टाइप झालं नाही.

एस्तेव्हांवचं कोडं सोपं होतं. पोर्तुगीज अमलात आलेल्या स्टीफनचा एस्तेव्हांव होणारच. बुस्टनची गंमत वेगळी. इंग्लंडात विल्टशर परगण्यात बुश्टन नावाचं खेडं आहे, ते त्यांचं गाव मानतात. जुन्या लॅटिन ग्रंथसूच्यांत ते गावच आडनाव होऊन बसलं, असा अभ्यासकांचा उलगडा आहे. साताऱ्याहून आलेल्या जोश्यांना कुणी सातारकर म्हणावं आणि पुढे जोशीच गायब व्हावेत, तसं. आमच्याकडे कधीकाळी कुणीतरी त्या सूचीवरून बेधडक कार्ड केलं. ‘छापील आहे म्हणजे तपासलेलं आहे’ ही आमच्या धंद्यातली सगळ्यात महागडी समजूत.

धर्मगुरूची वंशावळ काढताना नेहमीचा रस्ता बंद असतो. लग्न नाही, मुलं नाहीत, म्हणून वारसाचा कागद नाही. खाली उतरता येत नाही, आडवं सरकावं लागतं: भाऊ, पुतणे, आणि ज्यांना पत्रं लिहिली ती माणसं.

‘बाप्तिस्म्याची नोंद बघा ना’ असं प्रत्येकजण सुचवतो. इंग्लंडात बाप्तिस्मा, लग्न, दफन लिहून ठेवायचा हुकूम १५३८चा आहे. पण सुरुवातीच्या नोंदी कागदावर, त्यातल्या बऱ्याच हरवल्या. १५९८मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवायचं फर्मान निघालं आणि त्यात ‘विशेषतः एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीपासूनच्या’ अशी एक फट राहिली. राणी गादीवर आली १५५८ला. नकला करणारे शेवटी माणसंच. कित्येक गावांच्या वह्या त्याच सालापासून सुरू होतात. स्टीफन्सचा जन्म १५४९च्या आसपास धरतात. म्हणजे नोंद झाली असली तरी ती नेमकी त्या फटीत पडणार.

मग उरतात जेझुइटांच्या याद्या. दर तीन वर्षांनी प्रत्येक प्रांतातून रोमला माणसांची यादी जायची: नाव, गाव, वय, प्रकृती, शिक्षण, संघात किती वर्षं, कोणती कामं केली. जन्मसाल नसतं, वय असतं. सांगणारा अंदाजे सांगतो, लिहिणारा आकडा गोल करतो. म्हणून एकाच यादीवरून जन्मसाल काढायचं नाही. मिळतील तेवढ्या याद्यांच्या सालांतून वय वजा करायचं, उत्तरं एकाखाली एक मांडायची, आणि जो पट्टा दिसेल तो ‘सुमारे’ लावून लिहायचा. तो ‘सुमारे’ छपाईत जागा वाचवायला उडवणारे संपादक मी पाहिले आहेत.

मृत्यूचं साल का घसरलं हेही सापडलं. एका कार्डावर ‘१६४० नंतर’ असं होतं. त्यांचं कोकणीचं व्याकरण १६४०ला गोव्यातल्या राचोलला छापलं गेलं, तेव्हा लेखक हयात असणार, असा सरळसोट हिशेब कुणीतरी केला. प्रत्यक्षात ते १६१९लाच गेले. पुस्तक मागाहून निघालं.

तारखांचा सापळा याहून बेरकी. स्टीफन्स गोव्याला पोचले २४ ऑक्टोबर १५७९ला. भाऊ रिचर्डला त्यांनी लिहिलेलं लॅटिन पत्र आहे २४ ऑक्टोबर १५८३चं. दिवस तोच, महिना तोच. ‘बुस्टन’च्या कार्डावर माणूस १५८३ला पोचलेला होता. नक्कल करताना नजर एक ओळ खाली घसरली की चार वर्षं गेली.

पण मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो वडिलांना लिहिलेल्या पत्रावर. १० नोव्हेंबर १५७९, गोवा. पोचून पुरता महिनाही झाला नव्हता. ४ एप्रिलला लिस्बनहून पाच जहाजं निघाली, २९ जुलैला केप ऑफ गुड होप आलं, जहाजावर दीडशेवर माणसं आजारी पडली, सत्तावीस गेली, आणि हे मानाने कमीच, असं ते लिहितात. वारे, प्रवाह, पक्षी, मासे, सगळं बारकाईने. म्हणून तर ते टिकलं. हॅकलूट या इंग्रज संग्राहकाने ते १५८९मध्ये आपल्या सागरप्रवासांच्या संग्रहात छापलं ते इंग्रजांना पूर्वेची वाट हवी होती म्हणून. पोराची खुशाली कळावी म्हणून नव्हे. घरगुती कागद घरातल्या पेटीत राहिला असता तर आज बहुधा नसता.

त्या पत्रातली वंशावळीच्या कामाची ओळ अगदी पहिलीच आहे. वडिलांचा आशीर्वाद मागितल्यावर ते आईलाही नमस्कार कळवतात. लोक हा मायना म्हणून ओलांडून पुढे वादळांकडे जातात. मी तिथे थांबलो, कारण हा पुरावा आहे: लिहिताना मुलाच्या समजुतीप्रमाणे आई जिवंत होती. यापुढे जायचं नाही. १५७५ला तो रोममध्ये जेझुइट संघात दाखल झाला होता आणि लिस्बन सोडल्यावर सात महिने घरचं अक्षरही कळायची सोय नव्हती. त्यामुळे ‘१५७९ला हयात’ असं ठोकून लिहिणं चूक.

तिन्ही कार्डं एका पिनेत लावली, मुख्य नाव ‘स्टीफन्स, थॉमस’ ठेवलं, बाकी दोन ठिकाणी ‘पाहा’ची खूण केली. ही खूण काढायची नाही, कारण वाचक कोणत्या नावाने येईल सांगता येत नाही. वंशावळीच्या तक्त्यात वडिलांच्या चौकटीत थॉमस, भावाच्या चौकटीत रिचर्ड. आईच्या चौकटीत नाव नाही. तिथे लिहिलं: ‘१० नोव्हेंबर १५७९ रोजी मुलाच्या माहितीप्रमाणे हयात, ती माहिती किमान सात महिने जुनी.’ चौकटीच्या मानाने ओळ लांब आहे. संपादकांनी परत पाठवली आहे, लहान करून मागितली आहे.