आभाळ बघून स्लॅब पुढे ढकलला

जूनची सुरुवात, साताऱ्याजवळच्या एका घराचा १००० चौरस फुटांचा स्लॅब. सकाळी मिक्सर उभा होता, टोळी हजर होती, नारळही फुटला होता. पश्चिमेला आभाळ भरून आलेलं पाहून मी काम थांबवायला सांगितलं. घरमालक काका कळवळले, "अहो साहेब, पूजा झालीय. वरून ताडपत्री धरू की!"

एवढ्या जागेवर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ९३० लिटर पाणी. ते ताडपत्रीला आवरत नाही. ताज्या काँक्रीटवर सर आली की सिमेंटचं दूध वाहून जातं, वर नुसती वाळू-खडी उरते. काम अर्ध्यावर सुटलं आणि आधीचा माल (काँक्रीट) आवळला, म्हणजे घट्ट होऊ लागला, तर नवा माल त्याच्याशी एकजीव होत नाही. तो सांधा मग पावसाळ्यात गळत राहतो. भरणं सुरू असताना पाऊस आलाच, तर गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, मधल्या तिसऱ्या भागात फळी उभी लावून काम सरळ रेषेत तोडावं लागतं. पण एक घमेलंही पडलेलं नसताना तो धोका कशाला घ्यायचा?

टोळी सोडण्याआधी सिमेंटच्या गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब रचून झाकल्या. वायरिंगच्या पाइपांची तोंडं बंद केली, सेंट्रिंगवर (स्लॅबच्या तात्पुरत्या साच्यावर) पाणी साचू नये म्हणून कडेला वाट ठेवली. टोळीला अर्धी हजेरी दिली. ती द्यायलाच हवी, त्यांचाही दिवस मोडतो. दुपारी पाऊस कोसळला.

उघडीप मिळाल्यावर लगेच माल ओतायचा नसतो. सर्वांत आधी टेकू बघायचे. इथे एका कोपऱ्यात टेकूंखालची माती भिजून फळ्या दबल्या होत्या. पाणी भरलेल्या नळीनं लेव्हल घेतली, फळ्या बदलल्या, पाचरी ठोकल्या. हे राहिलं असतं तर भरताना स्लॅबला तिथेच पोट आलं असतं. सळईवरचा हलका तांबूस थर चालतो, पापुद्रे सुटत असतील तर तारेचा ब्रश मारायचा. सरकलेले कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून वर उचलून धरणारे ठोकळे) पुन्हा बसवले, चिखल धुऊन काढला.

राहिली वाळू. एम-२० या प्रतीच्या काँक्रीटला सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीमागे आम्ही २५ लिटर पाणी धरलं होतं. पण ५ टक्के ओल असलेली वाळू गोणीमागे जवळपास ४ लिटर पाणी स्वतःच आणते, म्हणून वरून २१ लिटरच घातलं. मुकादम म्हणाला, "साहेब, माल घट्ट होतोय, थोडं पाणी वाढवू?" पाणी वाढवू दिलं नाही, माल हलवून नीट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई जवळजवळच्या अंतरावर लावून घेतली.