१४० मायक्रोॲम्पिअर जात होते कुठे?

काटोलजवळ काकाजींची संत्र्याची बाग आहे. मृग बहारासाठी (पावसाच्या सुरुवातीला येणाऱ्या फुलोऱ्यासाठी) उन्हाळ्यात झाडांना ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं, तर मातीत ओल किती उरली हे रोज कळायला हवं. म्हणून मी ॲटमेगा ३२८पी या मायक्रोकंट्रोलरची (छोट्या संगणकाची) सुटी चिप, ओलाव्याचा आय-टू-सी (दोन तारांवरून आकडे पाठवणारा) सेन्सर आणि सीआर २०३२ बटण सेल असं छोटं यंत्र केलं. दर तीन तासांनी जागं व्हायचं, ओल मोजायची, आकडा ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहून पुन्हा झोपायचं. मार्चमध्ये बसवलं आणि दोन महिन्यांत, ऐन ताणात सेल संपला. "बंद पडलं न रे तुझं मशीन," काकाजी फोनवर एवढंच म्हणाले. ते मला फार लागलं.

डेटाशीट सांगतं की पॉवर-डाउन, म्हणजे गाढ झोपेच्या मोडमध्ये, ३ व्होल्टला, वॉचडॉग (ठरावीक वेळाने चिपला उठवणारा टायमर) चालू ठेवून ही चिप साधारण ४ मायक्रोॲम्पिअर घेते. माझा मीटर १४० दाखवत होता. सेल २२० मिलीॲम्पिअर-तासांचा; भागून बघा, पासष्टच दिवस येतात.

ज्याला विचारावं तो सांगे, एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) बंद कर, ब्राउन-आउट डिटेक्टर (व्होल्टेज पडलं की चिप रीसेट करणारा भाग) बंद कर. दोन्ही मी पहिल्याच दिवशी केलं होतं. (ब्राउन-आउट बंद करण्याची सूचना झोपण्याच्या अगदी आधी द्या. ती चिपच्या घड्याळाच्या तीन ठोक्यांपुरतीच टिकते, मध्ये दुसरं काही घातलं की वाया जाते.) रिकाम्या पिना तरंगत्या, म्हणजे हाय की लो ते न ठरवलेल्या, ठेवल्या नव्हत्या. तरी १४०. सेन्सरची तार काढली की आकडा साडेचारवर, लावली की पुन्हा १४०. सेन्सरच खराब म्हणून नागपूरच्या सीताबर्डीतून दुसरा आणला. तोही तसाच. आणि मला कळेना, सेन्सरला वीज मी चिपच्या एका पिनवरून देत होतो आणि झोपताना ती पिन लो (शून्य व्होल्ट) करत होतो. ज्याला वीजच नाही, तो खाईल काय?

आठ दिवस यात गेले. रोज ऑफिसातून आलो की कूलरसमोर बोर्ड घेऊन बसायचो. मायक्रोॲम्पिअर रेंजवर मोजताना एक सांभाळा: मीटरच्या आतल्या रोधावर व्होल्टेज पडतं, चिप जागी होताच रीसेट होते आणि आकडा खोटा येतो. चिप झोपेपर्यंत मीटरच्या दोन टोकांना तार जोडून ठेवा, झोपली की काढा.

नवव्या रात्री करंट सोडून व्होल्टेज मोजलं. झोपलेल्या चिपच्या एसडीए तारेवर (सेन्सरच्या दोन तारांपैकी आकडे नेणारी; दुसरी ठोक्यांची, एससीएल) ०.६७ व्होल्ट. शून्य नाही, तीन नाही. कागद घेतला. आय-टू-सी ची लायब्ररी सुरू होताना चिपमधले पुल-अप (तार हाय ओढून धरणारे रोध) न विचारता चालू करते. ते २० ते ५० किलोओहमचे. सेन्सरच्या बोर्डावर स्वतःचे १० किलोओहमचे पुल-अप, आणि त्यांचं वरचं टोक मीच लो केलेल्या पिनेला. म्हणजे वीज चिपमधून निघून सेन्सरच्या पुल-अपमधून त्या पिनेवाटे जमिनीत. ३५ अधिक १०, पंचेचाळीस किलोओहम. दर तारेला ६७ मायक्रोॲम्पिअर. तारा दोन, एसडीए आणि एससीएल. झाले १३३, आणि वर वॉचडॉगचे चार. मी खुर्चीतून उठूनच उभा राहिलो.

उपाय चार-दोन ओळींचाच निघाला. झोपायच्या आधी लायब्ररीचं 'एंड' बोलवा, दोन्ही तारा लो करा, मग सेन्सरची पिन लो करा. उठल्यावर आधी पिन हाय, थोडं थांबून लायब्ररी पुन्हा सुरू. सेन्सरची वीज तोडत असाल तर त्याच्या प्रत्येक तारेचा विचार करा, फक्त प्लसचा नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर तो दुसरा सेन्सर घ्यावा लागला नसता.

वॉचडॉग एका वेळी फार तर आठ सेकंद झोपू देतो, म्हणून तीन तासांत चिप १३५० वेळा क्षणभर जागी होते. त्या उठण्यात मोजणी वाढवून लगेच परत झोपवा, एलईडीसुद्धा लुकलुकवू नका.

मीटरवर ४.६ आलं. नवतपा लागायच्या आत काटोलला जाऊन डबी त्याच झाडाखाली लावली आणि सेल टाकल्याची तारीख झाकणावर मार्करने लिहिली.