टायटल्समधले ते सगळे प्रोड्यूसर नेमके कोण असतात?

अमेरिकन सिरियल लावली की सुरुवातीला प्रोड्यूसर म्हणून नावांची जी रांग लागते ती बघून बरेच जण विचारतात की एवढ्या लोकांनी पैसे घातलेत का. प्रश्न बरोबरच आहे, कारण आपल्याकडे निर्माता म्हणजे पैसा उभा करणारा, चॅनेलशी बोलणी करणारा माणूस. पण तिकडच्या ड्रामा सिरियलमध्ये त्या रांगेतले बरेचसे लोक लेखक असतात. रोज खोलीत बसून गोष्ट रचणारे. मला गेली काही वर्षं या गोष्टीचं वेडच लागलंय, सिरियल संपली की कोण कुठून आलं, आधी कुठे काय लिहीत होतं हे शोधत बसतो, आणि शोधता शोधता एक गोष्ट पक्की झालीये की तिकडच्या चांगल्या सिरियल चांगल्या होतात त्यात प्रतिभेचा वाटा आहेच, पण त्याहून मोठा वाटा आहे तो लेखकाला सेटवर आणि एडिटला वर्षानुवर्षं बसवून ठेवण्याचा.

आधी उतरंड सांगतो. लेखकांची एक खोली असते, रायटर्स रूम. तिथे सगळ्यात खाली स्टाफ रायटर. त्याच्यावर स्टोरी एडिटर, मग एक्झिक्युटिव्ह स्टोरी एडिटर, मग को-प्रोड्यूसर, प्रोड्यूसर, सुपरवायझिंग प्रोड्यूसर, को-एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर आणि सगळ्यात वर एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर. या वरच्यांपैकी ज्याच्या हातात सगळा कारभार असतो तो शोरनर. काम जमलं तर साधारण सीझनला एक पायरी असं वर चढायचं. स्टाफ रायटरच्याही खाली दोन जण असतात, एक ऑफिस सांभाळणारा पीए, म्हणजे प्रोडक्शन असिस्टंट, जो जेवण आणतो, कागदांच्या कॉप्या काढतो, आणि दुसरा रायटर्स असिस्टंट, जो दिवसभर खोलीत जे जे बोललं जातं ते टाइप करत बसतो. आणि हा शेवटचा महत्त्वाचा आहे, कारण खोलीत कुठली कल्पना का टिकली आणि कुठली का पडली हे त्याच्याइतकं बारकाईने दुसरं कोणी ऐकत नाही.

आता 'ब्रेकिंग बॅड' ही ड्रग्ज बनवणाऱ्या केमिस्ट्रीच्या मास्तरची गाजलेली सिरियल काढणाऱ्या विन्स गिलिगनचं उदाहरण घ्या, कारण त्याच्या करिअरमध्ये हे सगळं एकदम स्वच्छ दिसतं. व्हर्जिनियातला मुलगा, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत फिल्म शिकला, १९८९ साली त्याच्या राज्याच्या पटकथा स्पर्धेत बक्षीस मिळवलं. त्या स्पर्धेच्या परीक्षकांमध्ये मार्क जॉन्सन नावाचे सिनेमाचे निर्माते होते, हे नाव लक्षात ठेवा. पुढे गिलिगन 'द एक्स-फाइल्स' या गूढ प्रकरणांच्या सिरियलचा नुसता चाहता होता, त्याचे निर्माते ख्रिस कार्टर यांच्याशी भेट झाली आणि त्यातून बाहेरचा लेखक म्हणून एक एपिसोड लिहायला मिळाला, तो १९९५ मध्ये दुसऱ्या सीझनला आला. मग तो स्टाफवर गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला, सिरियल २००२ ला संपली तेव्हा तो एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर होता.

त्या काळात नेटवर्कच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या चॅनेलच्या, सिरियलला वर्षाला वीस-बावीस, कधी चोवीस एपिसोड लागायचे. म्हणजे एक एपिसोड लिहिला जातोय, दुसऱ्याची तयारी चाललीये, तिसरा शूट होतोय, चौथा एडिटला आहे, असं सगळं एकाच वेळी. लेखक चारही ठिकाणी धावणार. पानावर लिहिलेला सीन सेटवर अर्ध्या दिवसात उरकायचा म्हटल्यावर काय होतं, जो डायलॉग आपल्याला फार आवडला होता तो नटाच्या एका नजरेने कसा अनावश्यक ठरतो, एडिटला आठवडाभर डोकं खाणारा सीन काढून टाकला की एपिसोड कसा सुटसुटीत होतो, हे कुठल्याही वर्गात शिकवता येत नाही.

त्यातलीच एक गोष्ट मला फार आवडते. १९९८ साली गिलिगनने 'ड्राइव्ह' नावाचा एक्स-फाइल्सचा एपिसोड लिहिला. त्यात एक माणूस आहे, डोक्यात भयंकर दाब वाढतोय, गाडी पश्चिमेकडे जोरात पळवत राहिलं तरच तो जगणार, आणि माणूस म्हणून अत्यंत कडवट, द्वेषाने भरलेला. तरी शेवटी त्याच्याबद्दल वाईट वाटलं पाहिजे, असा नट हवा होता. तो रोल केला ब्रायन क्रॅन्स्टनने. मधे बरीच वर्षं गेली, क्रॅन्स्टन 'माल्कम इन द मिडल'मधला गमतीशीर बाप म्हणून घराघरात पोचला, आणि गिलिगनला 'ब्रेकिंग बॅड'साठी तोच पाहिजे होता. एएमसी चॅनेलच्या लोकांना पटेना, हा कॉमेडीवाला माणूस कसा चालेल. तेव्हा गिलिगनने त्यांना 'ड्राइव्ह' दाखवला आणि काम झालं. आता बघा, हा निर्णय लेखनाचा की निर्मितीचा? तो नट आपण लिहिलेली ओळ कशी उचलतो हे ज्याने दहा वर्षांपूर्वी स्वतः पाहिलंय त्यालाच हे सुचणार.

अजून एक. 'ब्रेकिंग बॅड'ची गोष्ट मुळात कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला घडणार होती. न्यू मेक्सिकोत करसवलत मिळत होती म्हणून स्टुडिओने शूटिंग तिकडे न्यायचं सुचवलं. आता तिथल्या अल्बुकर्की शहरात शूट करून ते कॅलिफोर्निया आहे असं भासवता आलं असतं, पण मग शहराच्या कडेचा तो मोठा डोंगर प्रत्येक फ्रेममधून चुकवत बसावं लागलं असतं. गिलिगनने सरळ गोष्टच अल्बुकर्कीला नेली. आणि आज ते वाळवंट, ते आभाळ काढून टाकलं तर त्या सिरियलचं काय उरेल सांगा! बजेटच्या कागदावरून आलेली अडचण लेखकाने गोष्टीत मुरवून टाकली. आणि हो, ते मार्क जॉन्सन, स्पर्धेचे परीक्षक, तेच 'ब्रेकिंग बॅड'चेही एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर.

हे सगळं सरळ झालं असं मात्र नाही. एक्स-फाइल्स संपल्यावर मधली काही वर्षं त्याची बरीचशी रिकामी गेली, 'ब्रेकिंग बॅड' आधी एफएक्स चॅनेलने घेऊन सोडून दिलं होतं, आणि जानेवारी २००८ ला सुरू झालं तर लेखकांच्या संपामुळे पहिला सीझन सात एपिसोडांवरच थांबला. पुढे २०१३ पर्यंत एकूण ६२ एपिसोड झाले.

त्या सिरियलची खोली लॉस एंजेलिसजवळच्या बरबँकला होती. भिंतीवर कॉर्कचा बोर्ड, त्यावर छोटी छोटी कार्डं टाचलेली, एकेका कार्डावर गोष्टीतली एकेक घटना मार्करने लिहिलेली. सगळ्यांनी मिळून दिवसच्या दिवस बसून एपिसोड उलगडायचा, हा माणूस या क्षणी काय विचार करत असेल एवढ्या एकाच प्रश्नावर तासन् तास, आणि बोर्ड भरला की ज्याची पाळी असेल तो ती कार्डं घेऊन लिहायला जाणार. मग तोच लेखक आपल्या एपिसोडच्या शूटिंगला अल्बुकर्कीला जाणार. त्या खोलीतल्या पीटर गुल्डने २००९ मध्ये दुसऱ्या सीझनच्या एका एपिसोडात सॉल गुडमन हा वकील आणला, आणि पुढे त्याच वकिलाची 'बेटर कॉल सॉल' ही अख्खी सिरियल गिलिगनबरोबर उभी केली आणि नंतरचे सीझन स्वतः चालवले.

आणि गॉर्डन स्मिथ! हा तर माझा आवडता माणूस. 'ब्रेकिंग बॅड'च्या ऑफिसात पीए म्हणून लागला, मग रायटर्स असिस्टंट झाला, 'बेटर कॉल सॉल'ला स्टाफ रायटर झाला आणि तिथे २०१५ साली त्याने 'फाइव्ह-ओ' हा एपिसोड लिहिला, माइक या म्हाताऱ्या माजी पोलिसाच्या मुलाचा. ज्यांनी पाहिलाय त्यांना शेवटचा तो सीन आठवत असेल, म्हातारा बाप सुनेसमोर बसून कबुली देतो. त्या एपिसोडला एमी या टीव्हीच्या मोठ्या पुरस्काराचं नॉमिनेशन मिळालं. आणि २०२५ ला आलेल्या गिलिगनच्या 'प्लुरिबस' या नव्या सिरियलमध्ये हाच माणूस एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर आहे.

गाण्यात जसं घराणं असतं तसंच हे आहे, आणि हे एकटं घराणं नाही. १९८१ ला सुरू झालेल्या स्टीव्हन बोचकोच्या 'हिल स्ट्रीट ब्लूज' या पोलिसांच्या सिरियलमधून असेच लोक निघाले, डेव्हिड मिल्च येल युनिव्हर्सिटीत शिकवत होता, डिक वुल्फ आधी जाहिराती लिहायचा, त्याने नंतर १९९० ला 'लॉ अँड ऑर्डर' काढली. बोचकोच्याच 'एल. ए. लॉ'मध्ये डेव्हिड केली आला तो बॉस्टनचा वकील होता. 'द वायर' काढणारा डेव्हिड सायमन बाल्टिमोरच्या पेपरात क्राइम रिपोर्टर होता आणि त्याचा जोडीदार एड बर्न्स आधी पोलिसात आणि मग शाळेत मास्तर. म्हणजे आत शिरायचा दरवाजा कुठलाही असू शकतो. पण आत आल्यावर टीव्हीचं काम शिकायची वाट बऱ्याच जणांची एकच, आधी दुसऱ्याच्या सिरियलमध्ये घासायचं.

स्ट्रीमिंग आलं आणि नेमकी इथेच वाट लागली. बावीसच्या जागी आठ-दहा एपिसोड. शूटिंग सुरू व्हायच्या आधीच चार लोक काही आठवडे बसवायचे, सगळे एपिसोड लिहून घ्यायचे आणि घरी पाठवायचं, याला मिनी-रूम म्हणतात. शूटिंगला एकटा शोरनर, एडिटलाही तोच, बाकीचे पुढची नोकरी शोधतायत. मग पाच वर्षं काम करून स्टोरी एडिटरपर्यंत पोचलेला लेखक असा की ज्याने सेट कधी पाहिलाच नाही. उद्या त्याच्या हातात करोडोंची सिरियल दिली तर तो ती कशी चालवणार? कंपन्यांनी आजचे पैसे वाचवले आणि उद्याचे शोरनर घडायचे थांबवले, मला तरी यात दुसरं काही दिसत नाही.

२०२३ चा अमेरिकन लेखकांचा तो १४८ दिवसांचा संप, २ मे ते २७ सप्टेंबर, आपल्याकडच्या बातम्यांत एआयमुळेच गाजला, पण निम्मं भांडण या खोलीचं होतं. करारात काय मिळालं तर ज्या सिरियलला हिरवा कंदील मिळालाय आणि एपिसोड सात ते बारा आहेत तिथे किमान पाच लेखक, शूटिंगच्या काळात किमान दोन लेखक कामावर ठेवायचे, आणि स्टाफ रायटरला आठवड्याच्या पगाराशिवाय स्क्रिप्टचे वेगळे पैसे. शेवटचं वाचून मी चाटच पडलो, म्हणजे तोवर सगळ्यात खालच्या लेखकाला स्वतःच्या नावावरच्या स्क्रिप्टचे वेगळे पैसे मिळत नव्हते.

आपल्याकडच्या डेली सोपशी याची सरळ तुलना करणं अन्यायाचं आहे हे मला माहितीये. आठवड्याला सहा एपिसोड काढायचे, गुरुवारी टीआरपी येणार, आकडा पडला की ट्रॅक बदला, तिथे कॉर्कबोर्डसमोर दिवस दिवस बसायला वेळ कुणाला आहे. माझी एक मैत्रीण मराठी मालिकांचे संवाद लिहिते. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद हिचे, रात्री पटकथा हातात पडते, पहाटेपर्यंत लिहून व्हॉट्सॅपवर पाठवते, आणि सकाळी घोडबंदरला नाहीतर फिल्मसिटीत त्यावर शूट सुरू. लिहायला ती फार ताकदीची आहे, तिचे साध्या माणसांचे संवाद ऐकताना मला दरवेळी वाटतं की हिला स्वतःची सिरियल मिळाली पाहिजे. पण एवढ्या वर्षांत तिला कोणी एकदाही एडिटला बसवलेलं नाही, आपला सीन का कापला हे तिला घरी टीव्हीवर बघून कळतं. रोज जमणार नाही हे मान्य. महिन्यातून एक एपिसोड तरी निवडा, त्याच्या शूटिंगला तिला सेटवर बोलवा, एडिटला बसवा आणि त्या दिवसाचे पैसे द्या. एवढं एखाद्या निर्मात्याला सहज परवडेल.