गव्हाण अजून रिकामी आहे

वसई, २३ डिसेंबर

नाताळला येशूजन्माचा देखावा म्हणून मांडतो त्या गोठ्यातली नाचणी या वर्षी छान उगवली. आगमनकाळातला, म्हणजे नाताळची वाट बघण्याच्या चार रविवारांतला, गुलाबी मेणबत्तीचा तिसरा रविवार आला की आमच्याकडे नाचणी आणि गहू भिजवून पसरट ताटल्यांत पेरतात. पाणी शिंपडायचं काम धाकटीकडे. आज बोटभर उंचीचं पोपटी कुरण झालंय, त्यात मेंढ्या उभ्या केल्या.

थोरल्याचा हट्ट होता, येशूबाळ आताच गव्हाणीत ठेवू, फोटो चांगला येईल. मी नाही म्हटलं. चोवीसच्या रात्री मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, घरी आल्यावर घरातल्या सगळ्यात लहान मुलाने बाळ ठेवायचं, ही आमच्या आजेसासूबाईंपासूनची रीत. मला ती मनापासून पटते. चार रविवार मेणबत्त्या लावून वाट बघायची आणि ऐनवेळी घाई करायची, तर वाट बघितली कशाला? आसिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेचो गावात गोठा मांडला तेव्हाही गव्हाण, पेंढा, बैल आणि गाढव एवढंच होतं. हे सांगितल्यावर थोरला गप्प बसला. बाळाच्या दर्शनाला येणारे तीन राजेही अजून टीव्हीच्या कपाटावरच आहेत. रोज थोडे पुढे सरकवायचे, ६ जानेवारीला पोचतील.

दुपारभर कुलकुल, म्हणजे नाताळच्या फराळातला तळलेला गोड पदार्थ, केले. मैदा, थोडा रवा, अंडं, साखर आणि नारळाचं पहिलं दूध. गोळी काट्याच्या पाठीवर दाबून अंगठ्याने पुढे सारली की शिंपलीसारखी वळते. जोड नीट बसला नाही तर तेलात उघडते, मग ती कुरकुरीत न होता तेल पिते. सासूबाईंची बोटं आता दुखतात, तरी पाट ओढून बसल्याच. "आई, राहू द्या, आम्ही करतो," म्हटलं तर म्हणाल्या, "नाताळला बसून काय करू?" त्यांचे कुलकुल अजूनही आमच्यापेक्षा सुबक वळतात. मला धाकटीने हे त्यांच्याकडूनच शिकायला हवं आहे, म्हणून तिला मुद्दाम त्यांच्या शेजारी बसवलं.

शेजारच्या काकूंना अंडं चालत नाही. त्यांच्या वाट्याचं पीठ सगळ्यात आधी वेगळं मळलं, तळलंही आधी, नव्या तेलात. दिवाळीला त्यांच्या फराळाचं ताट आमच्याकडे येतं, ते आम्ही कधी रिकामं परत केलेलं नाही. ताटं उद्या दुपारीच पोचवायची, म्हणजे रात्री मिस्साला निवांत जाता येईल.