पटावर आहे, तपासणीत नाही

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात मी वैद्यकीय अधिकारी आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा, प्रत्येक मूल तपासायचं, हे आमचं काम. पण बीड जिल्ह्यात दिवाळीनंतर शाळेत गेलं की निम्मे वर्ग रिकामे. पोरं ऊसतोडीला गेलेल्या आईबापाच्या कोयत्यामागं साखर कारखान्याला गेलेली. तक्त्यात त्यांच्या नावापुढं 'गैरहजर' लागतं आणि आमची गाडी पुढच्या गावाला निघते.

धारूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत डिसेंबरात असंच झालं. आम्ही वजनकाटा आवरत होतो, तेवढ्यात एक आजी नातीला हाताला धरून आली. पोरगी सहावीच्या पटावर होती, पण दसऱ्यापासून सांगलीकडच्या उसाच्या फडावर. चुलत्यानं नुकतीच गावी आणून सोडली होती.

"दोन पावलं टाकली की दम लागायलाय, म्याडम. तिकडं समदे म्हणायलेत, पोरगी कामाला कचरती."

पापणी खाली ओढली तर पांढरीफटक. नखं मधोमध खोलगट. नाडी पळत होती. छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि ठोक्यांच्या मध्ये वेगळा आवाज आला. हृदयाला छिद्र असेल का, हा विचार लगेच मनात आला. तसं असतं तर या कार्यक्रमातून शस्त्रक्रिया मोफत झाली असती, पण बाप फडात, आगाऊ घेतलेली उचल अंगावर, सही कोण करणार? तिला गाडीत घालून अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात नेलं.

इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदय चांगलं निघालं. हिमोग्लोबिन मात्र ५.२. या वयात ८ च्या खाली गेलं की तीव्र रक्तक्षय म्हणतात. रक्त इतकं पातळ झालं की हृदयाला ते जोरात ढकलावं लागतं, तो आवाज त्याचाच होता. शौचाच्या तपासणीत अंकुशकृमीची अंडी सापडली. फडावरच्या कोप्यांजवळ, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांजवळ, संडास नसतो, सगळे उघड्यावर बसतात. त्या मातीतल्या अळ्या अनवाणी पायांच्या कातडीतून आत शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. वर सकाळी चहा-भाकर. भाकरीतलं थोडंफार लोह अंगी लागायचं, तर चहा तेही लागू देत नाही. हे पोरगी कामचुकार असल्याचं लक्षण नव्हे, आजार होता. आजीला मी तीनतीनदा सांगितलं, कारण हे फडावर पोचायला हवं होतं.

मग माझं लक्ष दिनदर्शिकेकडं गेलं. जंताची गोळी फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये देतात. फेब्रुवारीत ही पोरगी दरवर्षी फडावर. लोहाची निळी गोळी दर आठवड्याला शाळेत मिळते, पण अर्धं वर्ष शाळाच नाही. आमची तपासणी डिसेंबरात. एकही योजना बंद नव्हती आणि तिच्या वाट्याला जेमतेम निम्मी आली. मला हे सहन होत नाही. ज्या लेकरांचं आरोग्य सगळ्यात धोक्यात आहे, तीच नेमकी आमच्या तारखांना गावात नसतात.

त्यानंतर आम्ही वरिष्ठांशी बोलून ऊसतोडीच्या गावांच्या शाळा जुलै-ऑगस्टमध्ये घेतल्या. दसऱ्याआधी गुरुजी याद्या देतात. ज्यांना रक्तक्षय आहे, त्यांच्या आईच्या हातात गोळ्या दिल्या जातात, आणि जेवल्यावर द्यायच्या, चहासोबत नाही, हे समजावून सांगितलं जातं. स्थलांतरित मुलांना जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड मिळतं. त्यावरच वजन, हिमोग्लोबिन आणि जंताच्या गोळीची तारीख लिहिली, तर कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राला पुढचं कळेल. ही मागणी मी प्रत्येक बैठकीत मांडते.

त्या मुलीला रक्त चढवलं, जंताचं औषध दिलं, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. उन्हाळ्यात हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलं. पुढच्या हंगामात गावातल्या हंगामी वसतिगृहात तिचं नाव घातलं आणि ती आजीजवळ राहिली. तिचा तीन वर्षांचा भाऊ मात्र आईबरोबर गेला. वसतिगृह शाळेतल्या मुलांसाठी आहे. अंगणवाडीच्या वयाच्या लेकरांची सोय गावात अजून कुठंच नाही.