तुम्ही विचारलंत म्हणून: धडधड हृदयाची की मनाची?

छातीत धडधडू लागले की ते हृदयाच्या आजारामुळे आहे की ओसीडीमुळे (म्हणजे नकोसे विचार आणि त्यापायी त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या मनोविकारामुळे), हे तुम्हाला कसे कळते, असे मला अनेकजण विचारतात. त्याचे खरे उत्तर असे की, त्या क्षणी ते मला कळत नाही, आणि ते कळलेच पाहिजे हा हट्ट सोडणे हाच माझ्या उपचारांचा मोठा भाग आहे.

मला लाँग क्यूटी सिंड्रोम आहे. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींमधील विद्युतप्रवाह पूर्ववत व्हावा लागतो आणि त्याला माझ्या हृदयात नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो; ईसीजीवर तो ‘क्यूटीचा काळ’ वाढलेला म्हणून दिसतो. सुमारे २००० जणांमागे एकाला असणारा हा दोष माझ्याकडे वडिलांकडून आला. अशा पालकाच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. माझ्या प्रकारात गजर किंवा फोनची घंटा अचानक वाजल्यानेही ठोक्यांची लय बिघडू शकते, त्यामुळे माझ्या उशाशी दोन्ही नसतात. बीटा ब्लॉकरची, म्हणजे हृदयावरचा ताण कमी करणारी गोळी चुकवायची नाही, उलट्या-जुलाब झाल्यास पोटॅशियम कमी होण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचे, आणि कोणतेही नवे औषध हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घ्यायचे नाही, कारण काही साधी प्रतिजैविकेसुद्धा क्यूटीचा काळ आणखी लांबवतात.

ही सावधगिरी आवश्यक आहे आणि नेमके तिच्यामुळेच ओसीडीच्या हाती आयते कोलीत मिळते. गोळी घेतल्यावर पाकिटातला रिकामा कप्पा पुन्हा पुन्हा चाचपायचा, औषधाचे नाव अक्षर अक्षर वाचायचे, आणि मध्येच कोणी हाक मारली तर पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात करायची. मनगटावर दोन बोटे ठेवून ठोके मोजायचे आणि आकडा मनाला पटला नाही तर पुन्हा मोजायचे. वास्तविक क्यूटीचा काळ नाडीत कळतच नाही, तो ईसीजीच्या कागदावरच दिसतो. म्हणजे माझे मन जी तपासणी सर्वांत जास्त मागते, ती माझ्या आजाराबद्दल काहीच सांगत नाही. हे मला पूर्ण पटलेले आहे आणि तरीही बोटे मनगटाकडे जातात. ओसीडी असलेल्या माणसाला समजावून सांगणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

औषधांची निवडही सोपी नव्हती. ओसीडीवर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या क्यूटीचा काळ वाढवतात. सिटालोप्रामच्या जास्त मात्रेबद्दल अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०११ मध्ये तसा इशाराही दिला होता. माझ्या मनोविकारतज्ज्ञांनी आणि हृदयरोगतज्ज्ञांनी आपसांत बोलून तुलनेने कमी जोखमीचे सर्ट्रालिन निवडले आणि ते सुरू करण्यापूर्वी व मात्रा वाढवल्यावर ईसीजी काढला. दोन डॉक्टर एकमेकांशी बोलतात, हे माझ्या दृष्टीने कोणत्याही गोळीइतकेच मोलाचे आहे.

गोळीच्या जोडीला सराव आहे: धास्ती वाटू द्यायची, पण तपासायचे नाही. भीतीने हृदयावर ताण येतो, म्हणून त्यालाही आधी हृदयरोगतज्ज्ञांची संमती घेतली. ‘काही होणार नाही’ असे माझ्या मानसोपचारतज्ज्ञ मला सांगत नाहीत, कारण होऊ शकते. त्याऐवजी मन शांत असताना आम्ही काही नियम लिहून ठेवले. गोळीचे नाव एकदाच वाचायचे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाडी पाहायची नाही. शुद्ध हरपली, किंवा हरपता हरपता राहिली, तर विचार करत न बसता रुग्णालयात जायचे. धडधड सुरू झाली की निर्णय मी घेत नाही; तो आधीच घेतलेला असतो.

घरच्यांनाही दोन गोष्टी सांगितल्या आहेत. मी कोसळले आणि प्रतिसाद देत नसले, श्वास नीट चालत नसला, तर रुग्णवाहिका बोलवायची आणि लगेच छातीवर दाब देणे सुरू करायचे. आणि मी समोर बसून ‘मी ठीक आहे ना?’ असे पुन्हा पुन्हा विचारू लागले, तर त्याचे उत्तर द्यायचे नाही. यातली दुसरी गोष्ट पाळणे माझ्या आईला अजूनही फार जड जाते.