निळा तुकडा

शनिवार, सकाळचे पावणेसात

कराटेतला काता, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, संपला, हात खाली घेतले आणि वळून पायाशी पाहिलं. निळा तुकडा दीड वीत मागे राहिला होता.

आमच्या गच्चीवर चायना मोझॅक आहे. ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या सोसायट्यांना असतं तसंच, पावसाळ्यात शेवाळणारं. पांढऱ्या तुकड्यांच्या गर्दीत टाकीपासून चार पावलांवर तेवढा एकच निळा. त्याच्यावर उभं राहून सुरुवात करायची आणि 21 हालचालींनंतर परत त्याच्यावरच यायचं. हेयान शोदान या पहिल्या काताची मांडणीच तशी आहे : आडवी रेघ, मग उभी, मग पुन्हा आडवी, आणि त्याच वाटेने परत. जाताना आणि येताना पावलं सारखी पडली तरच हिशोब जुळतो. मी जाताना जोशात असते, येताना दमलेली. दीड वीत म्हणजे तेवढाच दमाचा फरक. जानेवारीत तो हातभर होता.

ब्राऊन बेल्टपर्यंत मी 1989 साली पोचले होते. मग बारावी, मग नोकरी, मग बाकीचं सगळं. ब्लॅक बेल्ट राहिला तो राहिलाच. आता बावन्नाव्या वर्षी पुन्हा सुरू केलं ते काही बेल्टसाठी नाही. गेल्या दिवाळीच्या आधी आई पडली. रस्त्यावर नाही, जिन्यातही नाही. ओट्यापाशी उभी होती, फ्रिजकडे वळली आणि पडली. खुब्याचं ऑपरेशन, वॉकर, सगळं झालं. हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी सारखा तोच विचार करत होते : पडली ती वळताना.

कचराळी तलावाभोवती मी आठ वर्षं फेऱ्या मारल्यात. चांगलंच आहे ते, पण तिथे आपण एकाच दिशेने गोल गोल चालतो. सूर्यनमस्कारात पुढे, मागे, खाली, वर सगळं आहे, वळणं मात्र नाही. (हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सूर्यनमस्कार घरोघरी नेणाऱ्या औंधच्या राजांना नाही सुचलं ते तुला सुचलं होय!") कातामध्ये दर दोन-तीन पावलांना वळायचंच असतं.

आणि वळायचं कसं, हे मला आत्ता कळतंय. नववी हालचाल वरच्या ब्लॉकची, म्हणजे डोक्यावर येणारा वार हाताने अडवायची. तिथे किआय, म्हणजे जोराची आरोळी, आणि लगेच डाव्या खांद्यावरून पाऊण चक्कर. सगळा भार उजव्या पायावर, आणि माझा उजवा गुडघाच कुरकुऱ्या. पहिल्या आठवड्यात तळवा मोझॅकला चिकटून राहिला आणि अंग मात्र फिरलं. गुडघ्यात अशी कळ आली की तीन दिवस जिना धरून उतरले. आता आधी मान वळवते. मग डावा पाय जवळ ओढून घेते. गुडघा आणि पायाचा अंगठा एकाच दिशेला ठेवून तळवा थोडा थोडा फिरवते, आणि मगच पाऊल टाकते. लहानपणी हे भिंगरीसारखं व्हायचं, म्हणून कधी बघितलंच नव्हतं. सरांची छडी उभं राहण्याची खोली मोजायची. मी आता उभीच राहते उथळ. कोण बघतंय?

किआयचं म्हणाल, तर तो मी फक्त श्वासाने देते. पहिल्या दिवशी मोठ्याने दिला होता, तेव्हा वॉचमन दांडकं घेऊन धावत वर आला होता.

हे काता मुळात रचले गेले शाळकरी पोरांसाठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावात इतोसू आंको यांनी पोरांना झेपतील असे पाच काता बसवले, नाव ठेवलं पिनान. त्यांचे शिष्य फुनाकोशी 1922 साली तोक्योला गेले, पुढे तिथे या कातांचं नाव हेयान झालं, आणि पहिल्या-दुसऱ्याची अदलाबदलही झाली, कारण दुसरा जास्त सोपा होता. म्हणजे मी रोज सकाळी जपानी पोरांची पी.टी. करते. लेकीला हे फार आवडलं. ती आता मला "काय गं, तास संपला का?" असंच विचारते.

पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तरी तोल सांभाळण्याचे व्यायाम करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पासष्टी यायला मला तेरा वर्षं आहेत, पण पाच काता मनात ठेवायला आत्ताच मारामार. चौथ्याच्या मध्यावर रोज दुसऱ्यात शिरते. तेव्हा थांबायचं, "इच, नी, सान" असं जपानीत एक, दोन, तीन म्हणत पहिल्यापासून. वीस-पंचवीस मिनिटं होतात सगळी मिळून. खाली उतरले की आईला पलंगाच्या कडेला उभं करते. ती कठड्याला धरून उजवीकडे वळते, मग डावीकडे, आणि दर वेळी विचारते, "आता बसू?"

आज परत येताना जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. हातात प्लॅस्टिकचा कागद आणि चार विटा. उद्यापासून कुरडया. "तुझं ते हातवारे तेवढं पलीकडे कर गं," म्हणाल्या.

निळा तुकडा नेमका कागदाखाली जाणार. टाकीमागे दोन हात रुंद पट्टा उरतो. तिथे तेक्की हा दुसरा एक काता होईल, ती खेकड्यासारखी आडवीच चालते. तिच्यात घोड्यावर बसल्यासारखं सगळा वेळ गुडघ्यात वाकून राहावं लागतं. गुडघ्याला विचारून बघते.